सिलिकॉनची नळी खाली ठेवा, आधी पाणी ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 24 फुटी फायबरची जुनी शिडाची बोट घेऊन एक हंगाम झाला. ती मुंबई बंदरात मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच तरंगत्या बोयाला बांधलेली असते. दर रविवारी तळातून बादलीभर पाणी निघतं आणि डाव्या बंकची गादी कायम दमट राहते. खिडक्या, हॅच, रेलिंगच्या खांबांची बुडं अशा सगळ्या जागी बाहेरून सिलिकॉन भरून झालं, तरी पाणी थांबलं नाही. आता बोट वर काढून अख्खा तळ नव्याने करून घ्यावा का?

अजून तरी नको. मी पंचवीसेक वर्षं याच बंदरात लहान बोटी चालवतो आणि दुरुस्तही करतो. लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत ते याच घाईत. गळती सापडायच्या आधीच ती बुजवायला घेतली जाते.

पहिल्यांदा बादलीचा हिशेब करू. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण 60 लिटर पाणी आत येतं. म्हणजे मिनिटाला चार बादल्या. तुमच्याकडे आठवड्याला एक बादली येते. 15 लिटर धरले तर मिनिटाला दीड मिलिलिटर होतात, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक थेंब. कुठेतरी एक थेंब टपकतोय किंवा एखादी जागा पाझरतेय, इतकाच याचा अर्थ. एवढ्यासाठी अख्खा तळ उकरायचा नसतो, पण तो थेंब नेमका कुठला हे शोधावंच लागतं.

आता पाणी गोडं की खारं ते बघा. जुने लोक हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावतात. आपल्या बंदराचं पाणी आणि बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या खोलगट जागेतलं) डिझेल लक्षात घेता तुम्ही तसं करू नका. साबण चोळून बघा: खाऱ्या पाण्यात फेस धरत नाही. त्याहून चांगलं म्हणजे घरचा वॉटर प्युरिफायर तपासायला येतो त्याच्याकडे असतो तसला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. समुद्राचं पाणी 35,000 च्या आसपास असतं आणि घरगुती मीटर बहुतेक 9,990 पर्यंतच मोजतो. म्हणून एक भाग बिल्जचं पाणी नऊ भाग नळाच्या पाण्यात मिसळून मोजा. आकडा 3,000 च्या आसपास किंवा वर गेला तर ते समुद्राचं पाणी. नळाच्या पाण्याच्या आकड्याजवळच राहिला तर ते पावसाचं, दवाचं किंवा तुमच्याच टाकीचं.

यात एक गोष्ट हमखास चुकते. बिल्जमध्ये वर्षानुवर्षांचं मीठ सुकून बसलेलं असतं. त्यावर गोडं पाणी पडलं तरी तेही खारट होतं आणि माणूस तळ उकरत बसतो. म्हणून चाचणीच्या आधी तळ दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवा, स्पंजने टिपून कोरडा करा, दिवसभर उघडा ठेवा. त्यानंतर जमलेलं पाणीच मोजा. टाकीवर संशय असेल तर टाकीत थोडा खायचा रंग घाला. तळाशी रंगीत पाणी आलं की प्रश्न मिटला.

दुसरं साधन आपल्याला फुकट मिळालंय आणि ते फार कमी लोक वापरतात: मुंबईचं हवामान. वर्षभर केव्हाही पाऊस पडतो अशा देशांतल्या नावाड्यांना वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करायला मोठा त्रास पडतो. आपल्याकडे निसर्गच ते वेगळं करून देतो. मेअखेर बोटी वर काढल्या जातात. पुढचे चार महिने कुलाब्याला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तेव्हा बोट जमिनीवर असते. त्या दिवसांत आत सापडलेला प्रत्येक थेंब वरून आलेला असतो, कारण खाली समुद्रच नसतो. उलट डिसेंबर ते मे पाऊस जवळजवळ नसतोच. त्या काळात मूरिंगवर उभ्या बोटीत पाणी वाढलं, तर ते खालून आलेलं. त्यामुळे पावसाळ्यात बोट नुसती ताडपत्रीने गुंडाळून विसरून जाऊ नका. निदान दोन-तीन मोठ्या सरींच्या वेळी ताडपत्री काढून आत टॉर्च घेऊन बसा. बाहेर दीड-दोन तास कोसळत असताना आत जे दिसतं, ते हंगामभर शोधूनही दिसत नाही.

एक छोटी वही बोटीवरच ठेवा. दर वेळी तळ कोरडा करून निघायचं आणि परत आल्यावर किती पाणी, कुठे आणि मधल्या काळात बोट काय करत होती ते लिहायचं. नुसती उभी होती? इंजिन चाललं? शिडावर एका कुशीवर कलून तासभर धावली? डेक धुतला? अशा पाच-सहा नोंदी झाल्या की निम्मे संशयित आपोआप सुटतात. नुसतं उभं राहून पाणी वाढतं, तर पातळीखालची भोकं आणि कील (तळाखाली बोल्टांनी जोडलेला जड भाग) बघायची. इंजिन चालल्यावरच वाढतं, तर शाफ्टचं ग्लँड (पंखा फिरवणारा दांडा तळातून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील) किंवा इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्या. एका कुशीवर धावल्यावरच वाढतं, तर त्या बाजूचा डेक आणि तळ यांचा सांधा, किंवा एरवी पाण्याच्या वर असणारं पण कलल्यावर बुडणारं एखादं तोंड. बिल्ज पंपाचं बाहेरचं तोंड तर या यादीत आवर्जून धरा. ते बुडालं आणि पाईपला वर उंच वळसा दिलेला नसेल, तर पंप बंद झाल्यावर तोच पाईप समुद्र आत ओढतो. पाईपला डेकखाली शक्य तितका उंच वळसा द्या आणि वळशाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवा.

पाणी दिसतं तिथून ते येत असतं, असं मात्र कधीच धरू नका. हे मी दोन हंगाम घालवून शिकलो. माझ्या पहिल्या बोटीत उजव्या बंकखालचा खण ओला व्हायचा. बरोबर वर खिडकी होती, म्हणून खिडकी काढून नव्याने बसवली. पाणी चालूच राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा काढली, पुन्हा बसवली. शेवटी वहीकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं की खण फक्त दक्षिणेला पलीकडच्या मांडव्याहून परतल्यावर ओला असतो. दुपारचा वारा वायव्येचा, त्यामुळे परतीची बहुतेक वाट वारा डावीकडून घेत, बोट उजव्या कुशीवर. मग खणाच्या वरची सगळी कड कोरडी करून तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि मांडव्याला जाऊन आलो. पावडरीत पाण्याने काढलेली वाट स्वच्छ दिसली. ती खिडकीकडून नव्हे, मागून आली होती. जवळजवळ दोन मीटर मागे, डेकच्या कडेच्या पट्टीचा एक बोल्ट ढिला होता. कलल्यावर ती कड पाण्याखाली जायची. मूरिंगवर मागे बसलेली माणसं उतरली की नाळेकडची, म्हणजे पुढची बाजू किंचित खाली बसायची आणि आत शिरलेलं पाणी कडेवरून पुढे वाहत खणात पडायचं. खिडकी पहिल्यापासून ठणठणीत होती.

म्हणून शोध घेताना आधी बोटीचे खण वेगळे पाडा. आडव्या फळ्यांच्या बुडाशी पाणी वाहून जायला भोकं असतात, ती मुलांच्या खेळण्याच्या मातीने बुजवा. आता प्रत्येक खणाचं पाणी त्याच्याच खणात राहील. संशयाच्या प्रत्येक सांध्याखाली पावडर भुरभुरवा किंवा टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा. एका थेंबानेही टिश्यूचा रंग बदलतो. नंतर मातीची बोळी न विसरता काढा, नाहीतर पाणी बिल्ज पंपापर्यंत पोचणारच नाही.

वरच्या गळतीसाठी पाईपने पाणी मारायचं असेल तर एक माणूस आत आणि एक बाहेर हवा. खालच्या पातळीपासून सुरुवात करा आणि एका जागी दहा मिनिटं पाणी नुसतं वाहू द्या. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. नोझल लावून जोराचा फवारा मारू नका, त्याने धडधाकट सांध्यातूनही पाणी आत घुसतं.

मला याहून खात्रीची वाटते ती हवेची चाचणी. एसी किंवा कॉम्प्युटर साफ करायचा मोठा ब्लोअर घ्या. केबिनच्या दारात मापाची प्लायवूडची फळी बसवून तिच्या भोकातून ब्लोअरचं तोंड आत सोडा. सीकॉक (तळातल्या भोकांवरचे नळ) बंद, हवेच्या जाळ्या टेपने बंद. मग ब्लोअर लावा आणि बाहेरून स्पंजने साबणाचं पाणी प्रत्येक फिटिंगभोवती लावत जा. आतली हवा बाहेर पडते तिथे बुडबुडे येतात, आणि हवा बाहेर पडते तिथूनच पाणी आत शिरतं. हे सकाळी लवकर करा, कारण ऊन चढलं की साबण लगेच सुकतो. दोन तासांत अख्खा डेक तपासून होतो. प्रत्येक बुडबुड्याशी पेन्सिलीने खूण करा.

आपल्याकडच्या बोटींमध्ये वरून गळणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. रेलिंगच्या खांबांत सर्वांत आधी गळतो तो डिंगीवरून (मूरिंगपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीवरून) चढताना सगळे हात घालतात तो. तुमचा डावा बंक ओला आहे. तुमच्याकडे डिंगी डाव्या बाजूला लागत असेल, तर आधी त्या बाजूचा मधला खांब हलवून बघा. बुड किंचित जरी हललं तरी वरून कितीही सिलिकॉन थापा, पहिल्याच रविवारी ते फाटेल. उपाय म्हणजे डेकखाली नटांमागे मोठी जाड पट्टी देणं आणि माणसांना खांब धरून चढू न देणं. डोलकाठी डेकमधून आरपार कीलपर्यंत जात असेल, तर पाऊस काठीच्या आतून खाली उतरतो. दोर बाहेर पडायच्या खाचा बंद करता येत नाहीत, त्यामुळे ते पाणी तळाशी येणारच. त्याला गळती समजून मागे लागू नका.

चेनप्लेटबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवतात, त्या पट्ट्या डेकमधल्या फटीतून खाली जातात. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर त्या जराशा ओढल्या जातात, म्हणून तिथलं सीलंट सर्वांत लवकर सुटतं. आत येणारं पाणी थोडंसंच असतं आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. पण स्टेनलेस स्टीलला गंज न लागण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत, ओल्या आणि हवा न पोचणाऱ्या फटीत ते आतून कुरतडलं जातं. वरचा भाग चकचकीत, खालचा भाग चकचकीत आणि मधल्या दीड इंचात चीर. ती पट्टी तुटली की डोलकाठी खाली येते, आणि ती येते जोराच्या वाऱ्यातच. चेनप्लेटजवळ ओल किंवा तपकिरी ओघळ दिसला, तर ती पूर्ण बाहेर काढून बघितल्याशिवाय शीड चढवू नका. तार सोडण्याआधी डोलकाठीला त्या बाजूने दुसऱ्या दोराचा ताण द्या. एका वेळी एकच चेनप्लेट काढा.

आता खालचं. प्रत्येक सीकॉकभोवती कोरड्या टिश्यूने टिपा, पाईप जोडलाय तिथे टिपा, क्लिप बोटाने फिरते का बघा. पातळीखालच्या प्रत्येक जोडावर जागा असेल तर दोन स्टेनलेस क्लिपा हव्यात. फिटिंग पितळी असेल तर सुरीने थोडं खरवडा. पिवळ्याऐवजी तांबूस गुलाबी रंग दिसला तर जस्त निघून गेलंय आणि धातू बिस्किटासारखा ठिसूळ झालाय. ते बदलायचंच, आणि बदलताना ब्रॉन्झ किंवा समुद्रासाठी बनवलेलं फायबर-नायलॉनचं घ्या. बाजारातला साधा नळाचा कॉक दिसायला सारखाच असतो, पण तो इथे चालत नाही. प्रत्येक सीकॉकजवळ मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. आत इंजिन आणि ग्लँडदोरीचं ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, नाहीतर शाफ्ट तापतो. उभ्या बोटीत ते थांबायला हवं. तुमचा दोन सेकंदांचा थेंब मी आधी तिथेच शोधेन, मग सुकाण्याच्या दांड्याच्या नळीत.

आणि कॉकपिटची (बसायच्या उघड्या जागेची) पाणी बाहेर जायची भोकं बघा. या बंदरात एक प्लॅस्टिकची पिशवी पुरते. भोक तुंबलं, कॉकपिट भरलं आणि पाणी दाराच्या उंबऱ्यावरून केबिनमध्ये गेलं, असं मी अनेक बोटींत पाहिलंय.

गळती सापडली की दुरुस्तीचा नियम एकच आहे: फिटिंग काढायचं. कडेने बाहेरून सीलंट भरणं म्हणजे पाण्याला आत कोंडणं. त्यात तुम्ही सिलिकॉन वापरलंय, त्यामुळे काम थोडं वाढलंय. सिलिकॉनचा अदृश्य थर राहिला तर त्यावर रंग, एपॉक्सी, दुसरं सीलंट, नवं सिलिकॉनसुद्धा धरत नाही. सॉल्व्हंटने पुसून तो जात नाही, उलट पसरतो. आधी ब्लेडने खरवडा, मग सँडपेपर मारा. त्या जागी पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळले तर थर अजून आहे. पाणी सपाट पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे.

फिटिंग काढल्यावर भोकात बघा. अशा बऱ्याच बोटींचा डेक फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड घालून बनवलेला असतो. जे24 या शर्यतीच्या 24 फुटी बोटीत तर डेकसोबत तळही तसाच आहे. भोकातून तपकिरी पाणी किंवा भुसा आला तर बाल्सा कुजलाय. कुठपर्यंत, ते नाण्याने डेकवर ठोकत जाऊन ऐका: कोरडा डेक टणटण वाजतो, ओला ढबढब. भोकाच्या कडेपुरताच थोडा भाग असेल तर घरीच होतं. खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये लावा, भोकातून आत घालून फिरवा, कडेचा कुजका बाल्सा निघून येतो. पूर्ण सुकू द्या, खालून टेप लावा, घट्ट कालवलेलं एपॉक्सी भरा. ते घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, घन एपॉक्सी आहे. सीलंट पुन्हा कधी सुटलं तरी पाणी डेकच्या पोटात शिरणार नाही. एपॉक्सी एका वेळी थोडंच कालवा. एप्रिलच्या उन्हात भांड्यातलं मिश्रण बघता बघता तापून दगड होतं. दमट हवेत त्यावर मेणासारखा थर येतो, तो पुढचा हात मारण्याआधी पाण्याने घासून धुवा.

बसवण्यासाठी पातळीच्या वर मी बहुतेक ठिकाणी ब्युटाइल टेप वापरतो. गाड्यांच्या काचा आणि पत्र्याच्या छपरांसाठी मिळते ती राखाडी किंवा काळी चिकट पट्टी. ती कधी कडक होत नाही आणि फिटिंग पुन्हा काढता येतं. भोकाच्या वरच्या कडेला काउंटरसिंकने उतार द्या, बोल्टच्या मानेभोवती टेपची बारीक वळी गुंडाळा, फिटिंगखाली पूर्ण पट्टी द्या. आवळताना वरचा बोल्ट स्क्रूड्रायव्हरने स्थिर धरायचा आणि खालून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की मानेभोवतीचं सील तुटतं. एकदम घट्ट करू नका. टेप हळूहळू कडेने बाहेर येते, म्हणून आठवडाभर दोन-तीनदा, शक्यतो दुपारच्या उन्हात थोडं थोडं आवळा. पातळीखाली आणि डेक-तळाच्या सांध्यात ब्युटाइल चालत नाही, तिथे पॉलियुरेथेन लावा. पण ज्या वस्तू पुन्हा काढायच्या आहेत त्यांना ते लावू नका, काढताना फायबरचा थर सोलून येतो. पॉलिसल्फाइड खाली-वर दोन्हीकडे उत्तम, फक्त अॅक्रिलिकच्या खिडक्यांना लावू नका, ते प्लॅस्टिक खातं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाणी खारं निघालं, बोट नुसती उभी असतानाही वाढत राहिलं, आणि सीकॉक, ग्लँड, सुकाण्याची नळी सगळं कोरडं सापडलं, तर उरते कील. कीलच्या बोल्टांभोवती गंजाचा ओघळ आहे का बघा. असेल तर मे महिन्याची वाट न पाहता बोट वर काढा, कारण ते बोल्टही चेनप्लेटसारखेच आतून झिजतात. हे काम यार्डचं आहे, घरी करू नका. नसेल तर बोट मेमध्ये वर येतेच आहे, तोवर बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच आणि बॅटरी दर आठवड्याला तपासत राहा.

क्रेनने बोट उचलली जाईल त्या सकाळी मात्र स्वतः हजर राहा. पट्ट्यांत लटकत असतानाच, कुणी पाण्याचा फवारा मारायच्या आधी, पुसून कोरडी करून खालून बघा. कीलच्या पुढच्या कडेला, तळाच्या सांध्यात, हसऱ्या ओठासारखी चीर आहे का? बोटीचा बाकी तळ सुकल्यावरही कुठली जागा ओलीच राहते? आतलं पाणी आता त्याच वाटेने बाहेर येत असतं. खडू खिशात ठेवा आणि ती जागा तिथल्या तिथे गोल करून घ्या, कारण अर्ध्या तासात सगळं सुकतं.